क्षेपणास्त्रांच्या जमान्यात दीड टनाचा टॉर्पेडो कशाला?

प्रश्न विचारणारा मुलगा बडोद्याच्या दांडिया बाजारातला, तिथल्या कलाभवन या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. त्याचे म्हणणे असे : ब्राह्मोस आवाजाच्या जवळपास तिप्पट वेगाने जाते, मग ताशी पाऊणशे किलोमीटरने पोहत जाणारा दीड टनाचा टॉर्पेडो नौदल अजून का बाळगते? आपला वरुणास्त्र चांगला की इटलीचा ब्लॅक शार्क? हे जड टॉर्पेडो सगळ्या युद्धनौकांवर का नसतात? आणि जाता जाता, ते प्रत्यक्ष बघायला कुठे मिळतात?

माझी सगळी नोकरी पाण्याखालच्या शस्त्रांत गेली, त्यामुळे उत्तर लांबणार. घाई असेल तर एवढेच धर : वेग आणि पल्ल्याचे तक्ते समोर ठेवून टॉर्पेडोची परीक्षा करू नकोस. तो सुटतो त्या जहाजाला किती ऐकू येते आणि सरावात तो किती वेळा सोडून परत उचलून आणला आहे, यावर त्याची खरी किंमत ठरते. तक्त्यात यातले काहीच नसते.

जड टॉर्पेडो म्हणजे ५३३ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे एकवीस इंची. लांबी सहा ते आठ मीटर, वजन दीड टनाच्या आगेमागे, डोक्यात अडीचशे-तीनशे किलो स्फोटके. हलका असतो तो ३२४ मिलिमीटरचा. आपला श्येन साधारण २२० किलोचा आहे आणि तो हेलिकॉप्टरमधूनही टाकता येतो. हलका टॉर्पेडो पाणबुडी मारायला पुरतो, कारण खोल पाण्यात दाबाखाली असलेल्या पाणबुडीला लहानसे भोकही महागात पडते. मोठे जहाज मारायचे तर जड हवा.

आता क्षेपणास्त्राशी तुलना. क्षेपणास्त्र जहाजाला पाण्याच्या वर लागते. आग लागते, यंत्रणा जळतात, माणसे मरतात. पण पोटात पाणी शिरले नाही तर जहाज तरंगत राहू शकते. क्षेपणास्त्राने जहाज बुडतच नाही असे मी म्हणत नाही. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीसमोर पाकिस्तानची विनाशिका खैबर आपल्या निर्घात या छोट्या नौकेच्या क्षेपणास्त्रांनीच बुडाली. पण तळाला हात घालण्याचे काम टॉर्पेडोचे.

आणि चांगला जड टॉर्पेडो जहाजाला धडकतसुद्धा नाही. तो कण्याच्या खाली काही मीटरवर जातो, जहाजाच्या लोखंडामुळे बदललेले चुंबकीय क्षेत्र त्याच्या फ्यूजला, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेला, कळते आणि तिथे तो फुटतो. आधी धक्कालहर येते. मागोमाग गरम वायूचा प्रचंड बुडबुडा फुगतो आणि जहाजाचा मधला भाग वर उचलतो. मग बुडबुड्यातला दाब उतरतो, तो आक्रसतो, आणि ज्या पाण्यावर जहाज टेकलेले होते तेच मध्यभागी नाहीसे होते. नाळ (पुढचे टोक) आणि वरामा (मागचे टोक) तरंगतात, मधल्या हजारो टनांना खालून आधार नाही. आधी वर, मग खाली, असा बाक आला की गुडघ्यावर ऊस मोडावा तसा कणा मोडतो. त्यात मिटणाऱ्या बुडबुड्यातून पाण्याचा झोत वर घुसतो तो वेगळाच. पाणी दाबले जात नाही, म्हणून स्फोटाची ताकद हवेत विरते तशी पाण्यात विरत नाही. तू मेकॅनिकलचा आहेस, तुला हे जास्त सांगायला नको.

२६ मार्च २०१० ला दक्षिण कोरियाची चोनान ही सुमारे बाराशे टनांची नौका अशीच दोन तुकडे होऊन गेली. ४६ नौसैनिक गेले. नंतर तुकडे वर काढून तपासले, तेव्हा टॉर्पेडो न लागता खाली फुटल्याचा निष्कर्ष निघाला.

आपल्याला जवळचे उदाहरण खुखरीचे. गुजरातेत राहणारे दीवला कशासाठी जातात ते मी सांगायला नको, पण तिथे गेलास तर खुखरीचे स्मारक चुकवू नकोस. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री त्याच समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर या फ्रेंच बनावटीच्या पाणबुडीने आपल्या खुखरी आणि किरपाण या दोन फ्रिगेट गाठल्या. पहिला टॉर्पेडो किरपाणवर सोडला, तो खालून गेला आणि फुटलाच नाही. दुसरा खुखरीला लागला. जहाज काही मिनिटांत गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. खुखरीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. या घटनेकडे शौर्याच्या अंगाने पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण माझ्या धंद्यातला माणूस त्यात आणखी एक गोष्ट पाहतो : जहाजाने पाणबुडीला ऐकण्याआधीच पाणबुडीने जहाजाला ऐकले होते. तिथेच निकाल लागला. टॉर्पेडोने फक्त तो कळवला. आणि त्याच पाणबुडीचा, त्याच रात्रीचा एक टॉर्पेडो न फुटता गेला, हेही विसरू नकोस. त्याकडे परत येतो.

आता वेगाबद्दल, कारण सगळे तिथेच अडकतात. वरुणास्त्राचा वेग ४० नॉट आणि पल्ला ४० किलोमीटरच्या आसपास सांगितला जातो. ४० नॉट म्हणजे ताशी ७४ किलोमीटर. समज, समोरचे जहाज १० किलोमीटरवर आहे आणि टॉर्पेडोची चाहूल लागताच ते पाठ फिरवून ३० नॉटने पळत सुटले. दोघांतला फरक १० नॉट, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर. १० किलोमीटर भरून काढायला ३२ मिनिटे लागणार आणि तेवढ्या वेळात टॉर्पेडो ४० किलोमीटर पळालेला असणार. म्हणजे ज्याला तू चाळीस किलोमीटरचा पल्ला म्हणतोस, तो पळणाऱ्या जहाजासाठी दहा किलोमीटरचा निघाला. जहाज समोरून येत असेल तर हेच गणित तुझ्या बाजूने फिरते. म्हणून पाणबुडीचा कप्तान लक्ष्याच्या पुढे जाऊन वाट बघत बसतो, पाठलाग करत नाही.

मग वेग वाढवा की, असे म्हणशील. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने. ४० वरून ५० नॉटवर जायला जवळपास दुप्पट शक्ती लागते, आणि बॅटरी तीच ठेवली तर ४० किलोमीटरचा पल्ला ढोबळमानाने २६ वर येतो. शिवाय टॉर्पेडोचे कान त्याच्या नाकात असतात. फार वेगाने गेला की त्याच्याच अंगावरून वाहणाऱ्या पाण्याच्या आणि पंख्याच्या आवाजात तो बहिरा होतो. म्हणून शहाणे टॉर्पेडो सुरुवातीला सावकाश जातात, शोध घेतात आणि शेवटच्या टप्प्यात जोर लावतात.

दिशा दाखवायला तार असते. पाणबुडी आणि टॉर्पेडो यांच्यामध्ये तांब्याची बारीक तार किंवा आता काचतंतू. दोन्ही टोकांना गुंडाळी असते आणि दोन्हीकडून ती सुटत जाते, म्हणजे तार पाण्यातून ओढली जात नाही, नुसती मागे राहते. टॉर्पेडोला स्वतःला जेवढे ऐकू येते त्याच्या कितीतरी पट पाणबुडीच्या मोठ्या सोनारला, म्हणजे पाण्यातल्या आवाजावरून शोध घेणाऱ्या यंत्रणेला, ऐकू येते, आणि ते ऐकलेले तारेवरून त्याला सांगता येते : डावीकडे ये, तो मागचा आवाज फसवा आहे, तिकडे जाऊ नकोस. तार तुटली तर टॉर्पेडो स्वतःच्या अकलेने पुढे जातो. पण तार आहे तोवर पाणबुडीवर बंधने येतात. जोरात वळायचे नाही, टॉर्पेडो ज्या नळीतून सुटला तिचे बाहेरचे दार लावायचे नाही, त्यात दुसरा टॉर्पेडो भरायचा नाही. शत्रूला आपली दिशा कळलेली असताना हे पाळणे सोपे नसते.

रशियन ५३-६५ या टॉर्पेडोची तऱ्हा वेगळी. त्याला तार नाही. तो जहाजाच्या मागे पाण्यात राहणारी फेसाळ वाट शोधतो आणि ती ओलांडत, नागमोडी जात जहाजाच्या बुडाशी पोचतो. आवाज करणारी फसवी यंत्रे त्याच्यापुढे चालत नाहीत, कारण तो आवाज ऐकतच नाही. पाणबुडीविरुद्ध मात्र निरुपयोगी. खोल पाण्यात तसली वाट उमटत नाही. आपल्या सिंधुघोष वर्गाच्या रशियन पाणबुड्यांत तो आणि तारेवर चालणारा टेस्ट-७१ असे दोन्ही असायचे ते त्यासाठीच. सहा नळ्या, अठरा टॉर्पेडो.

ऐकण्याबद्दल आणखी एक, कारण पुस्तकात वाचून ते पटत नाही. पाण्यात आवाज सेकंदाला दीड किलोमीटर जातो, पण सरळ जात नाही. तापमान बदलले की वाकतो. अरबी समुद्रात उन्हाने वरचे पाणी तापते आणि आवाज खालच्या गार पाण्याकडे वळतो. सकाळी ज्या सोनारला लांबची पाणबुडी कळते, त्याच सोनारला त्याच जागी दुपारी जवळचीही कळत नाही. पाणबुडीवाले त्या थराखाली सुखाने बसतात. म्हणून ‘पल्ला किती’ या प्रश्नाला आमच्याकडे पहिले उत्तर असायचे, ‘किती वाजता?’ खंभातच्या आखातासारख्या उथळ, गढूळ, प्रचंड भरती-ओहोटीच्या पाण्यात तर हे सगळे गणितच सोडून द्यावे. तळावरून इतका प्रतिध्वनी येतो की लक्ष्य त्यात हरवते.

आता वरुणास्त्र की ब्लॅक शार्क. हा प्रश्न बैल चांगला की बैलगाडी, अशा जातीचा नसला तरी त्याच्या शेजारचा आहे. वरुणास्त्र विशाखापट्टणमच्या एनएसटीएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने घडवला, बनवते भारत डायनॅमिक्स. विजेवर चालतो, सुमारे दीड टनाचा, अडीचशे किलोचे स्फोटक डोके. २०१६ मध्ये नौदलात आला, आणि जून २०२० मध्ये ६३ नगांचा १,१८७ कोटींचा करार झाला. सरासरी काढ : एकेक नग एकोणीस कोटींच्या घरात जातो. ६ जून २०२३ ला खऱ्या स्फोटकासह सोडून पाण्याखालचे लक्ष्य उडवून दाखवले. पण त्याची मूळ आवृत्ती जहाजावरून पाणबुडीवर सोडायची आहे. ब्लॅक शार्क घडवला गेला पाणबुडीच्या नळीसाठी, काचतंतूच्या तारेसह. दोघांची कामे वेगळी.

व्यास सारखा आहे म्हणजे कुठलाही टॉर्पेडो कुठल्याही नळीतून सुटेल, असे अजिबात नाही. पाणबुडीचा युद्धसंगणक त्याच्याशी बोलला पाहिजे, तारेचा जोड जुळला पाहिजे, दाराच्या कड्याकुलपांचा क्रम बसला पाहिजे. आमच्या शिशुमार वर्गाच्या जर्मन पाणबुड्यांत टॉर्पेडो स्वतःच्या पंख्याने नळीतून पोहत बाहेर पडतो. इतर बऱ्याच पाणबुड्यांत त्याला पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने ढकलतात. दीड टनाचा गडी बाहेर गेला की नळीत पाणी भरते, पण ते वजन त्याच्याइतकेच नसते. तो फरक टाक्यांतून तिथल्या तिथे सावरावा लागतो, नाहीतर पाणबुडीचे नाक वर किंवा खाली जाते. पाणबुडी म्हणजे बंदूक आणि टॉर्पेडो म्हणजे गोळी, हे चित्र डोक्यातून काढ.

कलवरी वर्गाची गोष्ट इथेच येते. सहा पाणबुड्या, सगळ्या माझगाव गोदीत बांधलेल्या. पहिली १४ डिसेंबर २०१७ ला नौदलात दाखल, शेवटची वागशीर १५ जानेवारी २०२५ ला. यातल्या दुसरीचे नाव खांदेरी, शिवरायांच्या सागरी किल्ल्यावरून. त्यांच्यासाठी ९८ ब्लॅक शार्क घ्यायचे ठरत होते, पण हेलिकॉप्टर खरेदीच्या प्रकरणात ब्लॅक शार्क बनवणाऱ्या उद्योगसमूहाचे नाव आले आणि व्यवहार रद्द झाला. पाणबुड्या नव्या, टॉर्पेडो मात्र शिशुमारच्या काळातल्या जर्मन एसयूटी जातीचे. ते बसवले आणि २६ मे २०१७ ला कलवरीने पहिला टॉर्पेडो सोडून दाखवला. वर्तमानपत्रांत यावर ‘बिनदातांच्या पाणबुड्या’ वगैरे बरेच आले. मला ते पटले नाही. जुना असला तरी ज्याच्या सवयी माहीत आहेत असा टॉर्पेडो, तक्त्यावर चमकणाऱ्या पण न सोडलेल्या टॉर्पेडोपेक्षा बरा. पण कायम जुन्यावर भागवावे असेही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये डीआरडीओचा नवा विद्युत जड टॉर्पेडो या पाणबुड्यांवर बसवण्यासाठी फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपशी ८७७ कोटींचा करार झाला. नीट पाहा : हे पैसे टॉर्पेडोचे नाहीत, तो जोडण्याचे आहेत. आणि डिसेंबर २०२५ मध्ये ४८ जड टॉर्पेडोंसाठी पुन्हा इटलीच्याच कंपनीशी सही झाली. दहा वर्षे फिरून गाडी त्याच स्टेशनात.

सगळ्या युद्धनौकांवर जड टॉर्पेडो का नाहीत? पाश्चात्त्य नौदलांत पृष्ठभागावरच्या जहाजांवर ते जवळपास नसतातच. आपल्याकडे हे रशियन वळण आहे. राजपूत आणि दिल्ली वर्गाच्या विनाशिकांवर ५३३ च्या पाच नळ्यांचा जुडगा होता. कोलकाता वर्गावर आणि कामोर्टा वर्गाच्या कॉर्व्हेटवर दोन-दोनच्या नळ्या आल्या. नव्या निलगिरी वर्गाच्या फ्रिगेटवर मात्र हलक्या टॉर्पेडोंच्या तीन-तीन नळ्या आहेत, आणि उथळ पाण्यासाठी बांधलेल्या अर्नाळा वर्गावरही हलकेच. माझ्या मते हे बरोबर आहे. जहाज जड टॉर्पेडो सोडण्याइतके पाणबुडीजवळ गेले, तर तेही पाणबुडीच्या टॉर्पेडोच्या टप्प्यात आलेच, आणि ऐकण्यात पाणबुडी बहुधा वरचढ असते. त्यापेक्षा हेलिकॉप्टर पाठवून दूरवर हलका टॉर्पेडो टाकावा. पाणबुडी हेलिकॉप्टरला सहसा मारू शकत नाही. वाईट हवेत हेलिकॉप्टर उडत नाही, तेव्हा जहाजावरचा जड टॉर्पेडो उपयोगी पडतो. तेवढी त्याची जागा मी मान्य करतो.

बचावाची बाजू थोडक्यात : जहाजामागे ओढायचा आणि फसवे आवाज काढणारा मारीच आता आपल्याकडे आहे. डीआरडीओच्याच कोचीच्या एनपीओएल या प्रयोगशाळेने आणि एनएसटीएलने मिळून घडवलेला, २०२० मध्ये नौदलात आलेला. नाव ठेवणाऱ्याला रामायण चांगले ठाऊक असणार.

आता त्या न फुटलेल्या टॉर्पेडोकडे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा मार्क १४ ठरवलेल्या खोलीपेक्षा सुमारे दहा फूट खालून जायचा. ते सुधारले तेव्हा कळले की चुंबकीय फ्यूज बेभरवशाचा आहे. तो बंद केला तेव्हा कळले की धडकेचा फ्यूजसुद्धा, अगदी काटकोनात आदळला की, चेपून निकामी होतो. एका दोषामागे दुसरा लपलेला. हे निस्तरायला जवळपास दोन वर्षे गेली, आणि कारण एवढेच की महागडा टॉर्पेडो वाया जाऊ नये म्हणून शांततेच्या काळात तो पुरेसा सोडूनच पाहिला नव्हता. पाणबुडीचे कप्तान तक्रार करत होते आणि किनाऱ्यावरचे अधिकारी त्यांनाच नेम धरता येत नाही म्हणत होते. हे दुसरे वाक्य जगातल्या कुठल्याही नौदलात ऐकू येईल.

म्हणून सरावाचा टॉर्पेडो. त्याच्या डोक्यात स्फोटकांऐवजी नोंदी ठेवणारी यंत्रे असतात, रंग भडक असतो आणि धाव संपली की तो हलका होऊन वर तरंगतो. मग लाटांमध्ये तो शोधायचा, दोर टाकून उचलायचा, आणि ताबडतोब गोड्या पाण्याने आतबाहेर धुवायचा, कारण खारे पाणी कोणाची वाट पाहत नाही. नोंदी काढून पाहिल्या की कळते, त्याने काय ऐकले, कधी फसला, किती खोल गेला. या कामाला कोणी पदक देत नाही. पण ज्या नौदलात हे काम चोख असते, त्याच्या टॉर्पेडोला लोक घाबरतात.

आणि यात तुझ्या शेजारच्या गावाचा हात आहे. सरावाचे आणि चाचणीचे टॉर्पेडो सोडून परत उचलणारे नौदलाचे जहाज, अस्त्रधारिणी, भरूचच्या शॉफ्ट शिपयार्डने बांधले. रचनेत एनएसटीएल आणि आयआयटी खरगपूर होते. पन्नास मीटर लांब, दोन समांतर सांगाड्यांचे, वेग पंधरा नॉटपर्यंत. ६ ऑक्टोबर २०१५ ला विशाखापट्टणमला दाखल झाले. दोन सांगाड्यांमुळे कमी शक्तीत चालते आणि मोठे, स्थिर डेक मिळते. डोलणाऱ्या जहाजावर दीड टनाचे धूड उचलून घ्यायचे म्हणजे काय ते ज्याने पाहिले आहे त्याला या डेकची किंमत कळेल. तुमच्या कॉलेजातले लोक नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूकडे बघतात, तेव्हा मला हे भरूचचे जहाज आठवते.

विजेवरचेच टॉर्पेडो का, तर धोक्यासाठीही. हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारा एक टॉर्पेडो गळला आणि १२ ऑगस्ट २००० ला रशियाची कुर्स्क ही पाणबुडी ११८ माणसांसह गेली. १९५५ मध्ये ब्रिटिशांची सिडन पाणबुडी अशाच इंधनाने गेली होती. बॅटरीलाही आग लागते, पण ती इतकी विश्वासघातकी नसते.

राहिले प्रत्यक्ष बघण्याचे. दीवला आज जी खुखरी संग्रहालय म्हणून उभी आहे ती १९७१ ची नव्हे, त्याच नावाची नंतरची क्षेपणास्त्र कॉर्व्हेट आहे. तिथे टॉर्पेडोच्या नळ्या शोधू नकोस. नळ्या बघायच्या तर विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ठेवलेल्या कुरसुरा पाणबुडीत जा : पुढे सहा, मागे चार, आणि एकूण बावीस टॉर्पेडो मावायचे. पुढच्या खणात जाऊन नळीच्या दाराची कड्याकुलपे नीट पाहा. आतले आणि बाहेरचे दार एकाच वेळी उघडता येऊ नये, याची यांत्रिक तजवीज कशी केली आहे ते स्वतः शोधून काढ, आणि मग तुझ्या प्राध्यापकांना विचार, त्यांनी ती कशी केली असती.